मुंगूस, मंगूज आणि मनीचं गूज

मंगूज, मंगूझ, मोंगूज, मॉन्गूज आणि परवा तर चक्क मँगूज. गेल्या काही वर्षांत एका साध्यासुध्या प्राण्याच्या नावाचे इतके उच्चार माझ्या कानांवर आले आहेत की हजेरीपटात लिहायचे म्हटले तर अर्धं पान भरेल. प्राणी मात्र एकच. आपलं मुंगूस.

मंडळी, तुम्हाला वाटेल, बाईंना निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी लाल पेन खाली ठेवता येत नाही. तसं नाही हो. लोकांनी काय बोलावं हे सांगायचे माझे दिवस गेले. पण हे प्रकरण जरा गमतीचं आहे. यात चुकणारा माणूस बरोबर बोलणाऱ्याला चूक ठरवतो, आणि बरोबर बोलणारा मान खाली घालून ते ऐकूनही घेतो. म्हणून लिहायला बसले.

आधी त्या 'ज'बद्दल. मी मराठी माध्यमाची बी.ए., इंग्रजीच्या वाटेला जपूनच जाते. पण शब्दकोश उघडायला काही माध्यम लागत नाही. साहेबाच्या कोशात या शब्दाचा उच्चार 'मॉंगूस' असा दिला आहे. शेवटी स आहे, स्वच्छ दंतव्य स. ज नाही आणि झ तर नाहीच. गूस म्हणजे ते बदकासारखं लांब मानेचं पाखरू, त्याच्या नावातही शेवटी स च आहे. आपल्याकडे तेही 'गूज' होऊन बसलं आहे. तेव्हा कॉन्व्हेंटमधलं पोर ऐटीत 'मंगूज' म्हणतं तेव्हा ते मराठीत तर बोलत नसतंच, पण इंग्रजीतही बोलत नसतं. मधल्या मध्ये कुठेतरी लटकलेलं असतं.

आणि मराठीत गूज म्हणजे काय, हे आपल्या वयाच्या माणसांना सांगायला नको. हितगुजातलं गूज. मैत्रिणीच्या कानात सांगायची गोष्ट. मंगूज हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, काहीतरी 'मन-गूज' असावं, एखाद्या भावगीतांच्या कार्यक्रमाचं नाव. पुढे कळलं की ते कुंपणातून पळालं आणि त्याला शेपूट होतं!

आता खरी गंमत. हा शब्द इंग्रजीत आला कुठून? तर आपल्याकडून. इंग्रजी कोश उघडा, व्युत्पत्तीच्या जागी मराठीचं नाव दिसेल. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर १६७३ साली मुंबईत उतरला, जुन्नरपर्यंत जाऊन आला, आणि १६९८ साली त्याने लंडनमध्ये आपल्या प्रवासाचं जाडजूड पुस्तक छापलं. शिवाजी महाराजांच्या काळातला हा माणूस. त्याच्या पुस्तकात हा प्राणी नावानिशी आलेला आहे, फेरेट नावाच्या तिकडच्या प्राण्याचा भाऊबंद म्हणून. पुढे बराच काळ इंग्रज लोक त्याचं स्पेलिंग 'मु'ने सुरू करत. नंतर कधीतरी 'मु'चा 'मो' झाला आणि शेपटीला ते गूस पाखरू कायमचं चिकटलं.

तिथून त्या बिचाऱ्या इंग्रज मास्तरांचे हाल सुरू झाले. एका गूसचे अनेक गीस, मग एका मॉंगूसचे अनेक मॉंगीस का नाहीत? नाहीत, कारण या गूसचा त्या गूसशी काही संबंध नाही. हा आपला 'गूस' आहे. तेव्हा अनेकवचन मॉंगूसेस. यावर तिकडे एक जुना विनोद आहे. एका माणसाला प्राणिसंग्रहालयाकडून दोन मुंगसं हवी असतात. अनेकवचन काही केल्या जमेना, तेव्हा तो पत्रात लिहितो, "कृपया एक मॉंगूस पाठवावा. आणि पाठवताच आहात तर सोबत आणखी एक पाठवावा." आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे सर दरवर्षी हा विनोद सांगत आणि दरवर्षी एकटेच हसत.

'आमचा शब्द, आमचा शब्द' म्हणून फार छाती फुगवण्यातही अर्थ नाही. तेलुगूत मुंगिस आहे, कन्नडात मुंगुसि आहे. १८८६ साली हॉब्सन-जॉब्सन नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा एक मोठा कोश निघाला. त्याने तर या शब्दाचं पितृत्व तेलुगूला देऊन टाकलं होतं, आणि मराठी-दख्खनीत 'मंगूस' म्हणतात असं जर्डन सांगतो, एवढीच आपली नोंद घेतली होती. आजचे अभ्यासकही मूळ द्राविडी आहे असंच म्हणतात. म्हणजे आपण शेजाऱ्याकडून विरजण आणलं आणि दही इंग्रजाला दिलं. उत्तरेकडे याचा मागमूस नाही. तिकडे नेवला, गुजरातेत नोळियो. ही सगळी संस्कृत नकुलाची लेकरं. नकुल म्हणजे चौथा पांडव, आणि नकुल म्हणजेच मुंगूस. पण मुलाचं नाव नकुल ठेवलं की बारशाला कौतुक होतं. त्याच मुलाला कोणी लाडाने 'मुंगूस' म्हणून बघावं, आत्याबाई पाळण्यावरून उठून जातील.

शब्द घेताना उच्चार बदलतो, याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. आपणही कुठे सोडलं आहे? पोर्तुगिजांकडून बटाटा घेतला, पगार घेतला, चावी घेतली, फीत घेतली. इंग्रजांच्या लॉर्डचा आपण लाट केला, स्टेशनाचं ठेसन केलं, डॉक्टरचा डागदर केला. तुमची चावी चुकीची आहे असं सांगायला लिस्बनहून कोणी आलं नाही. तोंडात बसेल तसा शब्द घडतो. फ्रेंच माणूस याच प्राण्याला मांगूस्त म्हणतो, स्पॅनिश मांगोस्ता म्हणतो, जर्मनाने तर शेपूट कापून नुसता मुंगो ठेवला. म्हणोत बापडे. जपानी लोक म्हणतात मांगूसु, आणि मला विचाराल तर या सगळ्यांत आपल्या जवळचा तोच.

जपानात मुंगूस कसं पोचलं ही एक वेगळीच कथा आहे. अमामी ओशिमा नावाच्या बेटावर हाबू नावाचे विषारी साप फार. १९७९ च्या सुमाराला कोणीतरी शक्कल लढवली आणि तीसेक मुंगसं सोडली. हाबू फिरणार रात्री, मुंगूस फिरणार दिवसा. दोघांची गाठच पडेना! मुंगसांनी मग बेटावरच्या दुर्मिळ सशांवर ताव मारला आणि हजारोंनी वाढली. ती निपटून काढायला जपान सरकारला पुढची कित्येक वर्षं लागली, आता बेटावर एकही उरलं नाही हे २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर झालं. त्याआधी १८७२ साली जमैकातल्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली होती. तिथली पिलावळ १८८३ साली हवाईला गेली. तिथेही उंदीर रात्रपाळीला आणि मुंगूस दिवसपाळीला. वेळापत्रक न बघता शिक्षक नेमले की हे असं होतं. पण जिथे जिथे ते प्राणी गेले तिथे तिथे आपला शब्द गेला, वाकडातिकडा का होईना. इथवर सगळं छान आहे.

माझी कुरकुर सुरू होते ती शब्द परत येतो तेव्हा.

माझी थोरली नात सीबीएसईच्या शाळेत. सहावीत तिला इंग्रजीचं एक जोडपुस्तक होतं, 'अ पॅक्ट विथ द सन'. एनसीईआरटीचं. त्यात एक धडा होता, 'द फ्रेंडली मंगूस'. ती घोकत होती आणि मी शेजारी मेथी निवडत होते. बाळाच्या पाळण्याजवळ पाळलेलं मुंगूस, साप येतो, मुंगूस त्याला मारतं, आई बाजारातून परत येते, त्याच्या तोंडाला रक्त बघते... मी म्हटलं, "अगं, ही तर पंचतंत्रातली गोष्ट. मुंगसाची." तर म्हणते, "नाही आजी, मुंगूस नाही गं. मंगूज. टीचरनी सांगितलंय." गोष्ट आपली, प्राणी आपला, शब्दही आपला, आणि तिन्ही वस्तू इंग्रजी कपड्यात घरी आल्यावर आजीचा उच्चार चुकीचा! तिला मी कोश दाखवला. कोशातलं मराठीचं नाव तिनं दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं. टीचर म्हणाल्या, "ओके, सिट डाउन."

नातीचं सोडा, घरातलीच ती. मला लागलं ते दुसरंच.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे ओढा आहे. ओढा कसला, पावसाळ्यात ओढा आणि एरवी कचरा. पण तिथे झुडपं आहेत आणि झुडपांत एक मुंगसाचं कुटुंब आहे. सकाळी दहाच्या सुमाराला आई आणि मागे दोन पिल्लं, तिघंही भिंतीकडेने सुर्रकन जातात. एके दिवशी ती पार्किंगमध्ये आली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच गहजब. चावतं का, रेबीज होतो का, लहान मुलं खेळतात, पिंजरेवाल्याला बोलवा. संध्याकाळी खाली सात-आठ जण जमले. जिने झाडणाऱ्या मावशी तिथेच होत्या. माण तालुक्यातल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्या सहज म्हणाल्या, "आवो, मुंगूस हाय त्ये. ऱ्हाऊ द्या की. आसलं म्हंजी साप फिरकत न्हाई." सगळ्या जमावात प्राण्याची ओळख असलेली ती एकटी बाई. तर एक गृहस्थ, चांगले शिकलेले, हसून म्हणाले, "मावशी, मुंगूस नाही, मंगूज म्हणतात त्याला. मंगूज." दोन-चार जण हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. मावशी गप्प झाल्या. सापाबद्दल त्या जे सांगत होत्या ते राहूनच गेलं.

पिंजऱ्याचं मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुंगूस आहे, त्याला असं पकडता येत नाही. पूर्वी चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसं मारत, शाळांच्या कपाटांतही ते ब्रश असत, त्यावरही आता बंदी आहे. कायद्याचं नाव काढल्यावर पिंजरा मागे पडला. मावशी दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावर आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाई, काय म्हनायचं वो त्येला? आमाला काय, येत न्हाई." पन्नास वर्षं ज्या जनावराला बांधावर रोज बघितलं त्याचं नाव आपल्याला येत नाही, असं त्या बाईला वाटावं? मी म्हटलं, "मावशी, तुम्ही म्हणता तेच. साहेबाने तुमच्याकडून घेतलंय, आणि त्याला अजून नीट म्हणता येत नाही." त्या हसल्या. पण पुढे काही दिवस माझ्यासमोर मुंगूस म्हणत आणि खाली 'ते तुमचं मंगूज' म्हणत. तेवढं मला खटकत राहिलं.

उच्चारावरून माणूस जोखायची ही सवय आपल्यात इंग्रजी यायच्या आधीपासून आहे, हेही खरं. न-ण वरून, श-स वरून मराठी शाळांनीही पोरांना कमी रडवलेलं नाही. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला फळ्यासमोर उभं करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण निदान तिथे भांडण दोन मराठी उच्चारांचं होतं. इथे एका चुकीच्या इंग्रजी उच्चाराने एका बरोबर मराठी शब्दाला अडाणी ठरवलं, आणि ठरवणाऱ्याला दोन्हीतलं काही ठाऊक नव्हतं.

मुंगसाचा हा असा थाट तर चित्त्याची कथा विचारूच नका. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते कुनोला आले. मराठीत चित्ता, त्याला दोन त. हिंदीत चीता, त्याची ची दीर्घ. इंग्रजांनी त्यांचा शब्द त्या हिंदीवरून घेतला, आणि हिंदीने संस्कृत चित्रकावरून, ठिपक्यांचा म्हणून. आता एका मराठी वाहिनीवरचा मुलगा हिंदी, मराठी आणि इंग्रजी यांची मिसळ करून दिवसभर सांगत होता, "कुनोमध्ये आठ चिता दाखल." आठ चिता! आमचे हे चहाचा कप हातात धरून म्हणाले, "अगं, एवढी माणसं कशाने गेली?"

आमचा भाचा संगणकवाला आहे, बंगळुरूला असतो. एकदा फोनवर म्हणाला, "मावशी, आमच्या प्रोजेक्टला मोंगूज आहे." मी म्हटलं, ऑफिसात उंदीर झालेत का? तर मोंगोडीबी नावाचं माहिती साठवायचं एक कोठार असतं, आणि त्याच्याशी प्रोग्रामची बोलणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव हे. २०१० च्या आयपीएलमध्ये मॅथ्यू हेडनने एक विचित्र बॅट आणली होती, पातं आखूड आणि मूठ लांब. तिचंही नाव हेच. दिल्लीविरुद्ध त्या बॅटीने ९३ धावा कुटल्या तेव्हा घरातली सगळी पुरुषमंडळी 'मंगूज, मंगूज' करत नाचत होती. म्हणजे मुंगूस आता साप सोडून बाकी सगळं करतं.

असो. भाच्याने ऑफिसात मोंगूज म्हणावं, माझं काही म्हणणं नाही. तिथे ते नावच आहे. नातीनेही इंग्रजी बोलताना इंग्रजी उच्चार करावा, फक्त शेवटी स म्हणावा, एवढीच विनंती. पण मराठी वाक्यात मुंगूस यावं. याचं कारण निव्वळ अभिमान नाही, व्याकरण आहे, आणि मास्तरीण असल्यामुळे ते सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

माणूस, कापूस, पाऊस, मुंगूस. म्हणून बघा. एकाच घरातले चार भाऊ आहेत. (मुंगूस नपुंसकलिंगी, पण घरात घेतलंय.) विभक्तीचा प्रत्यय आला की चौघांचाही ऊ नाहीसा होतो. माणसाला, कापसाला, पावसाला, मुंगसाला. हे कोणी शिकवावं लागत नसे. चार वर्षांचं पोर 'मुंगसामागे धावलो' असं बिनचूक म्हणे. आमच्या लहानपणी मुंगसाला तोंड दाखव म्हणून रामाची शपथ घालायची पद्धत होती. ते पळता पळता थांबून मागे वळून बघतंच, आणि आम्हाला वाटे शपथेचाच गुण. त्या शपथेत सुद्धा मुंगसाला हाक मारताना ऊ गळालेला असे. नुसत्या खेळातून सामान्यरूप पाठ व्हायचं.

मंगूजला मात्र सामान्यरूप नाही. मंगूजला, मंगूजने, मंगूजचा. त्याला हात लावायचा नाही, परक्याच्या घरातली काचेची वस्तू. आणि ही सवय आता त्या तीन भावांनाही लागली आहे. माझी धाकटी नात 'माणूसला' म्हणते. टीव्हीवर 'पाऊसमध्ये' ऐकू येतं. कपड्याच्या दुकानात परवा एका मुलीने मला 'प्युअर कापूसची साडी' दाखवली. बोलणारे सगळे मराठीच. मला मंगूजची धास्ती वाटते ती इथे. एक शब्द गेला तर कोशात सापडेल, पण ऊ गाळायची जिभेची सवय गेली तर ती शोधायची कुठे?

आमच्या वन्सं कोल्हापूरच्या, त्या मुंगूस म्हणत नाहीत, मुंगस म्हणतात. माझ्या आईकडे मुंगूसच, पण गडीमाणसं मुंगुस म्हणत, ऊ आखूड करून. वऱ्हाडात, खानदेशात, गोव्याकडे कुटुंबातली बरीच मंडळी आहेत आणि वाचणाऱ्यांतही असतील. तुमच्याकडे काय म्हणत होते ते आठवून मला कळवा, आजी-पणजीच्या तोंडचं आठवलं तर फारच उत्तम. मी वहीत उतरवून ठेवते आहे, आतापर्यंत चार प्रकार झाले. फक्त 'आमच्याकडे मुंगूसला असं म्हणतात' अशी सुरुवात करू नका. गुण कापीन.